पांढऱ्या भाताचा मान

श्रोतेहो, घरी पाहुणा आला की आपण पानात काय वाढतो, ते जरा आठवून पाहा. एरवी घरची मंडळी भाकरीवर असली, तरी त्या दिवशी पोळ्या होतात. तांदूळ निवडून, बारीक आणि पांढराशुभ्र असा काढला जातो. जाडा, तांबूस तांदूळ डब्यातच राहतो. पाहुणा कितीही जवळचा असो, त्याच्यापुढे नाचणीची भाकरी ठेवायला गृहिणीचा हात धजत नाही. का बरे? नाचणी वाईट म्हणून? तसे तर तीच गृहिणी बाळंतिणीला नाचणीची खीर देते, लहान मुलाला नाचणीचे सत्त्व भरवते. तिला नाचणीचा गुण चांगला ठाऊक आहे. पण गुण वेगळा आणि मान वेगळा. अन्नाला मान असतो, आणि तो पोटाने ठरवलेला नसतो, मनाने ठरवलेला असतो.

या मानापायी एका शहाण्या, शिस्तीच्या आणि झपाट्याने पुढे जाणाऱ्या देशाने आपले हजारो तरुण गमावले. तो देश जपान. त्याची हकीकत आज सांगायची आहे. ती दूरची असली तरी आपल्या चुलीपासून फार लांब नाही, हे पुढे कळेल.

टोकियो शहराचे जुने नाव एदो. सतराव्या-अठराव्या शतकांत एदो हे जपानच्या राज्यकारभाराचे केंद्र होते. गावोगावचे सरदार, त्यांचे शिपाई, नोकर, कारागीर तेथे येऊन राहत. गावी असताना ही माणसे सातू, म्हणजे जव, किंवा राळ्यासारखे भरड धान्य तांदळात मिसळून खात. शहरात आले की मात्र पांढरा भात. नुसता भात, आणि त्याबरोबर तोंडी लावायला थोडेसे लोणचे किंवा सूप. काही महिन्यांनी यांतल्या पुष्कळांना एक विचित्र आजार जडे. पाय जड होत, बधिर होत, चालवत नसे. काहींच्या अंगाला सूज येई, छाती धडधडे, आणि एखादा चालताबोलता माणूस हृदय बंद पडून जाई. लोक या दुखण्याला एदोचे दुखणे म्हणत, कारण रोगी गावी परतला की हळूहळू बरा होई. जपानी भाषेत या रोगाचे नाव ‘काक्के’. आपण त्याला बेरीबेरी म्हणतो.

आता पाहा, हा गरिबांचा रोग नव्हता. कष्टकऱ्याला पांढरा भात परवडत नव्हता, म्हणून तो वाचला होता. रोग जडे तो परवडणाऱ्याला. तोकुगावा घराण्याचा शोगुन इएमोची हा १८६६ साली अवघ्या विसाव्या वर्षी वारला, तो बहुधा याच रोगाने. त्याची विधवा, बादशाही घराण्यातली राजकन्या काझुनोमिया, ही १८७७ साली याच दुखण्याने गेली. खुद्द मेइजी बादशहालाही काक्केचा त्रास होता. ज्या घरात देशातला उत्तमातला उत्तम, लखलखीत तांदूळ शिजत होता, त्याच घरात माणसे उपासमारीच्या रोगाने मरत होती. उपासमारच म्हणायची ती. पोट भरलेले, पण आतून रिकामे.

तांदळाच्या दाण्यात असे काय असते, ते थोडक्यात सांगतो. शेतातून येते ते भात. त्याचे बाहेरचे तूस काढले की खाली तांबूस पापुद्रा आणि टोकाला बारीकसा कोंब असतो. या पापुद्र्यात आणि कोंबात ब-१ नावाचे जीवनसत्त्व असते, त्यालाच थायमिन म्हणतात. खाल्लेल्या पिठूळ अन्नाची ताकद करायला शरीराला ते लागते. उखळात मुसळाने कांडले तर हा पापुद्रा थोडा राहतो, थोडा जातो. पण तांदूळ पुनःपुन्हा सडून पांढरा केला की तो सगळा कोंड्यात जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या. पूर्वी जे श्रीमंताच्या घरी चार माणसे राबवून होई, ते आता बाजारात मिळू लागले. गिरणीने पांढरा तांदूळ स्वस्त केला आणि त्याबरोबर त्याचा रोगही. कोंडा गेला गुरांना आणि कोंबड्यांना. मौज अशी की त्या काळी पूर्व आशियात माणसापेक्षा गुरांचे खाणे कधीकधी अधिक सकस होते.

जपानने १८६८ नंतर नवे आरमार आणि नवी फौज उभारली. भरतीला येणारी मुले बहुतेक खेड्यातली. घरी सातू-मुळा मिसळलेला भात खाऊन वाढलेली. त्यांना फौजेत काय मिळणार? दिवसाला सहा ‘गो’, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम पांढरा तांदूळ! या एका गोष्टीवर पोरे खूष होती. लहानपणापासून जो भात फक्त सणाला पाहिला, तो रोज पोटभर. सरकारलाही वाटले, देशासाठी मरायला तयार झालेल्या मुलाला एवढा तरी मान द्यावा. यात दुष्टावा कोणाचाच नव्हता, हे लक्षात ठेवा. रोग जो आला तो मायेच्या हाताने आला.

आरमारातली गत आणखी वाईट. १८८२ साली तेथे दर हजार माणसांमागे चारशेच्या आसपास माणसे वर्षभरात काक्केने आजारी पडली. लढाई न होताच निम्मे जहाज अंथरुणाला खिळलेले. १८८२ च्या अखेरीस ‘र्‍यूजो’ नावाचे शिकाऊ जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई अशा सफरीवर निघाले. त्यावर ३७६ माणसे होती. त्यांतल्या १६९ जणांना काक्के झाला आणि २५ जण मेले. होनोलुलूला पोचेपर्यंत जहाज चालवायला माणसे पुरेनात. तेथे भात बंद करून मांस-भाज्यांचे अन्न सुरू केले, तेव्हा उरलेले सावरले.

आरमाराच्या वैद्यकीय खात्यात ताकाकी कानेहिरो नावाचा डॉक्टर होता. जन्म १८४९ चा. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकून १८८० साली तो परतला होता. त्याने एक साधीच गोष्ट केली. रोग कोणाला होतो, कोठे होतो, कोणत्या हवेत होतो, याच्या याद्या केल्या. त्यात असे दिसले की एकाच जहाजावर अधिकाऱ्यांना रोग कमी आणि खलाशांना जास्त. जागा एकच, हवा एकच, पाणी एकच. फरक होता तो ताटात. आणि ताटातल्या फरकाचे एक कारण तर फार बोलके आहे. आरमार खलाशांना जेवणासाठी रोख पैसे देई. खलाशी काय करीत? भात खाऊन भूक भागवीत, मासे-भाजी जेमतेम घेत आणि उरलेले पैसे घरी पाठवीत. गावी आई-बाप, भावंडे. आपल्याकडची मुंबईच्या गिरणीतली, गोदीतली पोरे खानावळीत काटकसर करून मनीऑर्डर करीत, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा ‘लोक चुकीचे खातात’ असे म्हणून नाक मुरडण्याआधी ते तसे का खातात हे पाहावे लागते. ताकाकीने ते पाहिले. त्याने रोख पैसे बंद करवून प्रत्यक्ष शिधा द्यायला लावला.

१८८४ साली त्याने आणखी एक धाडस केले. ‘त्सुकुबा’ नावाचे जहाज त्याच ‘र्‍यूजो’च्या वाटेने पाठवायला लावले, पण अन्न बदलून. मांस, मासे, डाळी, सातू, पाव. खर्च मोठा होता आणि वरिष्ठांची समजूत काढता काढता त्याला थेट बादशहापर्यंत जावे लागले होते. नऊ-दहा महिन्यांनी जहाज परतले. एकही मृत्यू नाही. आजारी पडले त्यांची संख्या वीससुद्धा नव्हती, आणि त्यांतले बहुतेक कोण? ज्यांनी नवे अन्न खायचे नाकारले होते ते!

येथे हकीकत संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालायला सोपी होती. पण खरा पेच पुढेच आहे. खलाशांना पाव आवडेना. काही जण तो गुपचूप समुद्रात टाकीत. ताकाकीने पाव सोडून दिला आणि १८८५ पासून तांदूळ व सातू मिसळून शिजवायचे ठरवले. सातू पावापेक्षा बरा, निदान तो ओळखीचा. पण ओळखीचा होता हीच अडचण! सातू म्हणजे गरिबीची आठवण. सातू म्हणजे तुरुंगातल्या कैद्यांचे अन्न. तुरुंगांत खर्च वाचवायला सातू मिसळत आणि त्यामुळे तेथे काक्के कमी झाला होता. ओसाकाच्या छावणीतल्या होरिउची नावाच्या लष्करी डॉक्टरला हे कळले, तेव्हा त्यानेही शिपायांना सातू देऊन पाहिला आणि गुण आला. पण देशासाठी लढणाऱ्याला कैद्याचे जेवण? ही गोष्ट अनेकांच्या मनाला लागली. आपल्याकडे भाकरी घेऊन शाळेत जाणारे पोर डबा अर्धवट झाकून का खाते, ते ज्या गुरुजींनी पाहिले असेल, त्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको.

तरी आरमाराने ताकाकीचे ऐकले. १८८६ पर्यंत आरमारातला काक्के जवळजवळ नाहीसा झाला.

भूदलाने मात्र ऐकले नाही. आणि न ऐकणारे कोण होते? अडाणी शिपाई नव्हे. जर्मनीत शिकून आलेले, देशातले सर्वांत विद्वान डॉक्टर. त्यांच्यात मोरी रिंतारो हा एक होता. मोरी ओगाई या नावाने तो जपानचा थोर साहित्यिक म्हणूनही प्रसिद्ध आहे. त्या काळी जर्मनीत रोगजंतूंचे शोध लागत होते. क्षयाचा जंतू सापडला, पटकीचा सापडला. तेव्हा काक्केचाही जंतू असणारच, अशी या मंडळींची खात्री. टोकियोच्या एका प्राध्यापकाने तर तो सापडल्याचे १८८५ साली जाहीरही केले. मोरीने १८८९ साली शिपायांवर काही दिवसांचा आहाराचा प्रयोग केला आणि पांढरा भात सर्वांत सरस ठरवला. हिशेब त्याचा खोटा नव्हता. भातात ताकद पुष्कळ, पचायला सोपा, हे खरेच. पण शरीरात ब-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-चार आठवडे पुरतो. थोड्या दिवसांच्या प्रयोगात त्याचा तुटवडा दिसणार कसा?

शिवाय ताकाकीची स्वतःची उपपत्तीही बरोबर नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याला वाटले, काक्के मांसल अन्नाच्या, म्हणजे प्रथिनांच्या कमतरतेने होतो. विद्वानांनी त्याची ही चूक नेमकी पकडली. उपपत्ती कच्ची, म्हणून इलाजही त्याज्य, असा त्यांचा न्याय. जहाजावरची माणसे वाचली हा पुरावा त्यांच्या लेखी पुरावाच नव्हता. मला वाटते, या साऱ्या कथेत सर्वांत घट्ट बसलेले मन कोणाचे असेल तर ते सातू पाहून तोंड फिरवणाऱ्या खलाशाचे नव्हे, या विद्वानांचे. खलाशी तरी शेवटी खाऊ लागला.

याची किंमत मोजावी लागली. चीनशी १८९४-९५ साली युद्ध झाले, त्यात जपानचे सुमारे ४,००० शिपाई काक्केने मेले. प्रत्यक्ष लढाईत मेलेल्यांपेक्षा ही संख्या किती तरी जास्त होती. दहा वर्षांनी, १९०४-०५ साली रशियाशी युद्ध झाले. मांचुरियाच्या थंडीत सुमारे अडीच लाख शिपायांना काक्के झाला आणि २७ हजारांच्या आसपास माणसे त्याने दगावली. त्याच युद्धात आरमारात मात्र हा रोग नगण्य होता. एकच देश, एकच शत्रू, एकच पिढीतली मुले. फरक फक्त भांड्यात शिजणाऱ्या धान्याचा. शेवटी मार्च १९०५ मध्ये युद्धमंत्री तेराउची यांनी आघाडीवरच्या फौजेला सातू मिसळलेला भात देण्याचा हुकूम काढला. तोवर युद्ध संपत आले होते. ताकाकीला त्याच वर्षी सरदारकीचा किताब मिळाला आणि लोक त्याला कौतुकाने, थोडेसे चेष्टेने, ‘सातू-सरदार’ म्हणू लागले.

खरे कारण उलगडले ते जावा बेटात. तेथे डच सरकारने आइकमान नावाच्या तरुण डॉक्टरला नेमले होते. १८८९-९० च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना अचानक लुळेपणा आला, आणि काही महिन्यांनी तो आपोआप थांबला. चौकशी करता असे निघाले की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घालीत होते. पुढे आचारी बदलला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना घालणे नव्या आचाऱ्याला पटले नाही. त्याने तो बंद केला. कोंबड्या साध्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. आचाऱ्याच्या मनातला दर्जाचा विचार येथे विज्ञानाच्या कामी आला, असेही कधी घडते. पुढे फोरडरमन या अधिकाऱ्याने जावा-मदुरेतले १०१ तुरुंग तपासले. कैदी सुमारे २ लाख ८० हजार. जेथे सडलेला पांढरा तांदूळ होता तेथे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी, आणि जेथे पापुद्र्यासकट तांदूळ होता तेथे १० हजारांमागे एकाला. एवढा स्पष्ट आकडा वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. खुद्द आइकमानला सुरुवातीला वाटे की भातात काही विष आहे आणि कोंडा त्यावर उतारा आहे. कोंड्यातला एक आवश्यक घटक कमी पडतो, हे त्याच्या मागून आलेल्या ग्रिन्सने १९०१ साली मांडले. आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या अंगणात येऊ. कोकणात आणि गोव्यात भात खाणारे लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. मग तेथे हा रोग घरोघर का माजला नाही? याचे एक मोठे कारण म्हणजे उकडा तांदूळ. भात तुसासकट भिजवायचे, मोठ्या भांड्यात उकडायचे, अंगणात वाळवायचे आणि मग कांडायचे. उकडताना पापुद्र्यातले जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, त्यामुळे नंतर तांदूळ सडला तरी ते सगळे कोंड्यात जात नाही. १९०५-०६ साली मलायात क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात फ्लेचर नावाच्या डॉक्टरने हे ताडून पाहिले. काही रोग्यांना न उकडलेला पांढरा तांदूळ आणि काहींना हिंदुस्थानी पद्धतीचा उकडा तांदूळ दिला. पहिल्या गटात बेरीबेरीने माणसे मेली, दुसऱ्यात कोणी मेले नाही. आपल्या देशात बेरीबेरीचा ठाण मांडून बसलेला प्रदेश होता तो आंध्रच्या उत्तर किनाऱ्याकडचा, आणि तेथे न उकडलेला सडीक तांदूळ खाण्याची रीत होती.

पण कोकणातल्या आजीने जीवनसत्त्व मोजून भात उकडले नव्हते. उकडलेले भात कांडताना तुटत नाही, कणी कमी होते, तांदळाला कीड लवकर लागत नाही, आणि पेज पोटाला धरून राहते, म्हणून उकडले. आणि तरीही, बघा हं, मानाचा तांदूळ तो नव्हेच! उकडा तांदूळ शेतात राबणाऱ्याच्या पेजेला. देवाच्या नैवेद्याला आणि पाहुण्याला सुरय, म्हणजे न उकडलेला पांढरा. ज्याने तारले त्याला परसदार, आणि दुसऱ्याला ओसरी. नशीब एवढेच की सण रोज नसतो.

उखळ गेले, घिरट गेले, तेव्हा या गोष्टीकडे आपल्या देशात लक्ष वेधले ते गांधीजींनी. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ, या गोष्टी संघाने हाती घेतल्या. हातसडीने गावातल्या बायाबापड्यांना काम मिळेल आणि खाणाऱ्याला सत्त्व मिळेल, असा दुहेरी विचार होता. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली तांदूळ गिरण्यांचे नियमन करणारा कायदाही झाला. तरीसुद्धा गिरण्या वाढतच गेल्या.

याचे खापर लोकांच्या मनावर फोडून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. कांडप हे हाडे खिळखिळी करणारे काम. पहाटे उठून मुसळ चालवणाऱ्या बाईला गिरणीचा भोंगा देवाच्या घंटेसारखा वाटला असेल तर तिचे काय चुकले? शिवाय हातसडीच्या तांदळातला पापुद्रा तेलकट असतो, तो लवकर खवट होतो, त्यामुळे वाणी तो ठेवायला नाखूष. शिजायला वेळ लागतो आणि जळणही जास्त लागते. सत्त्वाची बाजू खरी होती, पण या बाजूंचा हिशेब ज्यांनी मांडला नाही, त्यांचा उपदेश हवेत गेला.

उपदेश हवेत का जातो, याचाही एकदा प्रयोग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाचा तुटवडा पडला. चांगले तुकडे फौजेला जात. सरकारचे म्हणणे, लोकांनी दिल, गुर्दे असे भाग खावेत. त्यांत पोषण भरपूर. पण ते खाणे तेथल्या मध्यमवर्गी घरांत कमीपणाचे मानत. कुर्ट लेविन हा जर्मनीतून आलेला मानसशास्त्रज्ञ त्या वेळी आयोवा संस्थानात होता. त्याने १९४२-४३ च्या सुमारास गृहिणींचे काही गट घेतले. अर्ध्या गटांना उत्तम व्याख्यान दिले. जीवनसत्त्वे, खनिजे, देशकार्य, पाककृती, सगळे काही. उरलेल्या गटांत व्याख्यान नाही. त्यांना विचारले, अशा मांसाला आपल्यासारख्या घरांतून अडचण काय येते? बायका बोलू लागल्या. नवरा खात नाही, शिजताना वास येतो, मुलांना किळस वाटते. मग त्यावर त्यांनीच तोडगे काढले, आणि शेवटी कोण करून पाहणार, असे विचारून हात वर करायला सांगितले. पुढे चौकशी केली, तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ बायकांनी तो पदार्थ केला होता आणि चर्चा केलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी. वेळ दोन्हीकडे सारखाच लागला होता. रेडिओवरून व्याख्यान देणाऱ्याने हा आकडा सांगावा, ही जरा गंमतच आहे!

मात्र रेडिओचा अनुभवही याच्याशी जुळतो. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे भागातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांतून श्रोत्यांची मंडळे काढली. आठवड्यातून दोन कार्यक्रम, असे एकूण वीस. मंडळातल्या लोकांनी एकत्र बसून ऐकायचे, मग आपसात चर्चा करायची, आणि काय करणार ते ठरवायचे. ‘ऐका, चर्चा करा, करून पाहा’ अशी ती रीत. त्याची पाहणी पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने केली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तेथल्यापेक्षा ज्या गावांत मंडळ होते तेथे लोकांच्या माहितीत पुष्कळच जास्त भर पडलेली दिसली.

ज्वारीची गोष्ट सांगितल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होणार नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मिलो रेशनवर मिळे, दुष्काळी कामांवर सुकडी मिळे. ती मिलो ज्वारीच्याच कुळातली. पण तांबडी, परकी आणि मदत म्हणून आलेली. आमच्या ज्वारीची चव तिला नव्हती, हे खरे. पण जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही मिलोचे नाव येते ते चवीपेक्षा लाचारीच्या आठवणीने येते. पोटाला जो दाणा आधार देतो तोच मनाला बोचतो, असे त्या पिढीने भोगले. त्यानंतरच्या वर्षांत पाण्याखाली आलेल्या शेतात ज्वारीची जागा ऊस, सोयाबीन, गहू यांनी घेतली. रेशनवर गहू आणि तांदूळ येऊ लागले. भाकरीच्या घरांत पोळी हे बऱ्या दिवसांचे लक्षण ठरले. एदोला गेलेल्या जपानी शिपायाची हौस याहून वेगळी नव्हती.

आणि आता चक्र उलटे फिरते आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना सरकारदरबारी भरडधान्य म्हणत. भरड म्हणजे जाडेभरडे, हलके. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि आपल्या सरकारने त्यांना ‘श्री अन्न’ असे नाव दिले. शहरात डॉक्टर मधुमेहाच्या रोग्याला भाकरी खायला सांगतात. अनेक बाजारांत चांगली मालदांडी ज्वारी गव्हाहून महाग झाली आहे. म्हणजे मान मिळाला, पण किंमतही वाढली. ज्याच्या शेतात ती पिकते त्याने विकून रेशनचा तांदूळ शिजवावा, अशी वेळ त्याच्यावर येऊ नये.

गुरुजी आणि बाई, तुमच्या शाळेत लेविनची युक्ती करून पाहण्यासारखी आहे. फळ्यावर जीवनसत्त्वांचा तक्ता काढण्यापूर्वी पालकांची एक बैठक घ्या आणि विचारा, मुलाच्या डब्यात भाकरी द्यायला अडचण काय येते? मात्र एक लक्षात असू द्या. आयोवातल्या त्या गटांत चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बायकाच बसल्या होत्या. तेव्हा बैठकीला नुसते बाप्ये बोलावू नका. आया आल्या तर खरे बोलणे निघेल. सकाळी सातला कामावर जायचे असते, पीठ जुने झाले की भाकरी थापताना मोडते, थंड भाकरी कडक होते, पोरगे म्हणते की शेजारचा पोळी आणतो आणि मला हसतो. यांतल्या प्रत्येक अडचणीवर बायकांजवळच काही ना काही तोड असते. कोणी पिठात उकळते पाणी घालून उकड काढते, कोणी भाकरी फडक्यात गुंडाळते, कोणी शनिवारीच काय ते डब्यात देते कारण त्या दिवशी शाळा सकाळची. पोराच्या हसण्याची अडचण मात्र आयांच्या हातची नाही. ती वर्गात सोडवायची आहे, आणि मधल्या सुट्टीत गुरुजींच्या स्वतःच्या डब्यात काय आहे, हे पोरे आधी पाहणार.